गंगापूरची आई : गोपिकाबाई, माधवराव आणि रुपेरी पडदा



नाशिक आणि चित्रपट यांचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आणला आणि १९४४ साली याच नगरीत देह ठेवला. त्या पहिल्या चित्रपटातील तारामती, म्हणजेच रोहिदासाची आई, अण्णा साळुंखे या पुरुष नटाने साकारली होती. भारतीय पडद्यावरील आई ही अशी अगदी आरंभापासूनची आहे.

पुढे आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि महाराष्ट्राच्या मनात आईची एक मूर्ती कायमची प्रतिष्ठित झाली. परंतु त्या कथेतील श्याम लहान आहे. मूल लहान असते तोवर आईची सत्ता आणि आईची माया ही एकच गोष्ट असते. मुलगा कर्ता झाल्यावर मात्र या दोन गोष्टी वेगळ्या होतात आणि खरे नाट्य तेथून सुरू होते. या नाट्याचे इतिहासातील एक ठळक उदाहरण नाशिकच्या परिसरातच घडले. ते म्हणजे पेशवीण गोपिकाबाई आणि त्यांचे पुत्र थोरले माधवराव यांचे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोपिकाबाईंचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पडला. त्यानंतर पाच महिन्यांतच, २३ जून रोजी, पती नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. ज्या बाईने वयाची चाळिशीही गाठली नव्हती तिच्या पदरी दोन मुलगे उरले. माधवराव सोळा वर्षांचे होते आणि नारायणराव सहाव्या वर्षात होता. पेशवाईची वस्त्रे माधवरावांना मिळाली, परंतु कारभाराची सूत्रे हाती घेण्यास चुलते रघुनाथराव उत्सुक होते. दिराविषयी अविश्वास, गेलेल्या मुलाचे दुःख आणि उरलेल्या मुलांची काळजी या तीन धाग्यांनी गोपिकाबाईंचा स्वभाव विणला गेला. आपला मुलगा आपल्याच सल्ल्याने चालावा, असे त्यांना वाटले. त्या वाटण्यात सत्तेची हौस होती, तशी भीतीही होती.

माधवराव मात्र पाहता पाहता मोठे झाले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे घरातील कलह दौलतीच्या मुळावर येऊ नये म्हणून ते चुलत्यांच्या स्वाधीन झाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या रणांगणावर त्यांनी निजामाविरुद्ध स्वतःचे तेज सिद्ध केले. अशा पुरुषास आईच्या ओंजळीने पाणी पिणे शक्य नव्हते. गोपिकाबाईंचे बंधू सरदार रास्ते यांना पेशव्यांनी दंड केला आणि आईने रदबदली करूनही तो माफ केला नाही, असा प्रसंग परंपरेने सांगितला जातो. आईने मुलाकडे भावासाठी शब्द टाकला होता. उत्तर मात्र पेशव्याचे आले. मायलेकांतील अंतर वाढत गेले आणि गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळ गोदावरीकाठच्या गंगापूर येथे येऊन राहिल्या.

हा विषय रणजित देसाई यांनी 'स्वामी' (१९६२) या कादंबरीतून घरोघरी पोहोचविला. १९८७ साली गजानन जागीरदार यांनी तिच्यावर दूरदर्शनसाठी मालिका केली. तीत रवींद्र मंकणी माधवराव होते आणि शाळकरी वयातील मृणाल देव रमाबाई होत्या. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच मृणाल कुलकर्णी यांनी 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. आलोक राजवाडे माधवराव झाले, पर्ण पेठे रमा झाल्या, मंकणी नानासाहेबांच्या भूमिकेत आले आणि गोपिकाबाई स्वतः दिग्दर्शिकेने उभ्या केल्या. एके काळची सून सासू झाली आणि एके काळचा पुत्र पिता झाला. संसाराचा जो क्रम घराघरांत चालतो, तोच येथे कलावंतांच्या वाट्याला आला.

या योगायोगात प्रेक्षकाला एक दिशा सापडते. रमेच्या बाजूने पाहिले तर गोपिकाबाई कठोर दिसतात. माधवरावांच्या बाजूने पाहिले तर त्या राज्यकारभारातील अडसर वाटतात. त्यांच्या स्वतःच्या बाजूने मात्र क्वचितच कोणी पाहते. ज्या आईचा एक मुलगा रणात गेला, तिने दुसऱ्याला मुठीत धरून ठेवावे हे अनाकलनीय नाही. तिची चूक प्रेमात नव्हती. मुलगा आता केवळ आपला राहिला नसून हजारो रयतेचा पालक झाला आहे, हे मान्य करण्यात ती कमी पडली. माधवरावांचा मोठेपणाही यातच आहे, की नात्याचा मान राखताना त्यांनी न्यायाचा तराजू आईच्या हाती दिला नाही. सार्वजनिक अधिकारपदावरील प्रत्येक माणसाच्या घरी हा प्रसंग कोणत्या ना कोणत्या रूपाने येतोच.

या न्यायाची किंमत दोघांनीही मोजली. जून १७६८ मध्ये नाशिक जिल्ह्यातीलच धोडप किल्ल्यापाशी माधवरावांना सख्ख्या चुलत्याशी लढावे लागले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला. रमाबाई सती गेल्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पतीला आणि एकामागून एक सर्व मुलांना गमावलेली ही आई त्यानंतरही सुमारे पंधरा वर्षे जगली. ज्या रघुनाथरावांशी तिचे आयुष्यभर वैर होते, त्यांची आनंदवल्लीही याच गोदातीरी, गंगापूरच्या वाटेवर आहे.

परंतु तिची कथा येथेच संपत नाही. नातू सवाई माधवराव याला दिनचर्या, अभ्यास आणि वडीलधाऱ्यांशी वागणूक कशी असावी, हे सांगणारे तिचे उपदेशपत्र प्रसिद्ध आहे. ज्या बाईने मुलाच्या दरबारात हात घालू पाहिला, तिने नातवाला दूर राहून केवळ पत्राने मार्ग दाखविला. चित्रपटाने पुढे कधी ही गोपिकाबाई दाखविली, तर ती अधिक पूर्ण ठरेल. १६९६ साली चित्रराव खटावकर यांनी बांधलेल्या रामकुंडाची सुधारणाही तिने १७८२ साली करविली. १७८८ साली तिचा अंत नाशिकातच झाला. आजही रामकुंडावर महाराष्ट्रभरातून मुलगे आपल्या आईवडिलांच्या अस्थी घेऊन येतात. ज्या पायऱ्यांवर ते उभे राहतात, तेथे एका पुत्रहीन झालेल्या आईने खर्च केला होता, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.