तालमीची वेळ



अहमदाबादला एक परिसंवाद चालला होता. व्याख्यान रटाळ होतं. श्रोत्यांत बसलेले एक खगोलशास्त्रज्ञ समोरच्या कागदावर भराभर लिहू लागले. शेजारच्यांना वाटलं असेल, टिपणं घेताहेत. प्रत्यक्षात तिथे 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा सुरू झाली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवताना डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी कथा उतरवून दिली. पहिलं बक्षीस मिळालं. पदवीदानाचं आजचं एखादं भाषण लांबलंच, तर काय करायचं हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

या किश्श्यात मंगलाताईंचं नाव ओझरतं येतं. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, त्यांनाही त्यांची कामं होती. छंदवेड्या माणसाचं कौतुक करताना त्याच्यासाठी वेळ काढणाऱ्यांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

कथा निदान एकट्याने लिहिता येते. नाटकाला संच लागतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेचा. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यांचा दवाखाना पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच्या दौंडला. नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे मानसोपचाराच्या वाटेवरचे डॉक्टर. त्याच मेळ्यातले सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे; पुढे त्यांची नोकरी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. दिवसा रुग्ण आणि प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम.

या नाटकाची रचनाच अशी की दांडी मारायची सोय नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा. ती मागचं झाकते, उघडते, प्रसंग बदलते. त्या रांगेतला एक जण आला नाही, तर भगदाड सगळ्या प्रेक्षागृहाला दिसणार. म्हणून माणसं यायची.

नोकरी लागली की छंद सुटतो, आणि जो तो म्हणतो, वेळच मिळत नाही. हे पूर्ण खरं नाही. कॉलेजात तरी कुठे वेळ होता? तेव्हा सात वाजता नाही पोचलं तर शिव्या घालणारी चार माणसं होती. नोकरीच्या गावात ती नसतात. साहेब मात्र रोज वाट पाहतो. जो वाट पाहतो त्याला आपण वेळ देतो.

'घाशीराम'वरून वाद पेटला आणि थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी उभी केली, पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० साली नाटक युरोपला जाऊन आलं. पगार नाटकावर अवलंबून असता, तर हे धाडस त्यांना झेपलं असतं का? शंका आहे. नोकरी कलेचा गळा घोटते असं सरसकट बोललं जातं. इथे तिने पाठीशी उभं राहायचं काम केलं. आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ मधलं, 'बेगम बर्वे' १९७९ मधलं. बी. जे. मधून निघून पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची सूत्रं त्यांनी हाती घेतली ती १९९६ मध्ये.

कलेसाठी नोकरी-व्यवसाय कायमचा सोडून जाणारेही आहेत. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये शस्त्रक्रियेची सुरी खाली ठेवली. अश्विनी भिडे-देशपांडे भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन गाण्याकडे वळल्या. दोघांचंही काही चुकलं नाही. पण पहिल्या पगाराच्या आधीच राजीनाम्याची स्वप्नं पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की लागू तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते.

मुंबईतलं एक उदाहरण राहिलं. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. काळा घोड्याच्या वेसाइड इन या उपाहारगृहात दर गुरुवारी त्यांची मित्रमंडळी जमायची. १९७६ च्या सुमारास आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, डॉक्टरी करणारे गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' ही प्रकाशनसंस्था काढली. प्रकाशकांच्या दारात उभं राहण्यापेक्षा एकमेकांची पुस्तकं काढणं बरं, असा साधा व्यवहार. कोलटकरांचं 'जेजुरी' तिथूनच आलं आणि १९७७ चं राष्ट्रकुल काव्य पारितोषिक घेऊन गेलं. मैत्रीत एवढं काम होऊ शकतं, आणि चहाही होतो.

पुढच्या महिन्याभरात तुमच्यातले कुणी बंगळूरला, कुणी पुण्याला, कुणी परदेशी जातील. ग्रुपवर 'भेटू या रे' एवढंच लिहून कुणी भेटत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. गाणं, नाटक, ट्रेकिंग, चित्रं, जे काही असेल त्यातले दोन-तीन सोबती आज या मांडवातच गाठा. वार ठरवा, वेळ ठरवा. आणि येणार नसाल, तर आदल्या दिवशी कळवा.