दीड गिरकी

लाथ हा शब्द सुशिक्षित घरांत सहसा मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. लाथ मारावी ती घोड्यानें किंवा गाढवानें, माणसानें नव्हे, अशीच शिकवण मुलांना मिळत आलेली आहे. परंतु श्रोत्यांपुढें आज जिचें वर्णन करावयाचें आहे ती लाथ कोणालाहि लागत नाहीं, आणि लागावी अशी मारणाराची इच्छाहि नसते. उंच उडी घ्यावयाची, हवेंत गिरकी मारावयाची, गिरकींतच एक पाय सपकन् फिरवावयाचा आणि त्याच पायावर जमिनीवर उतरावयाचें, एवढाच तो खटाटोप. आरंभापासून अखेरपर्यंत शरीर दीड फेरा, म्हणजे ५४० अंश, फिरतें. म्हणून तिचें नांवच ‘पांचशें चाळीस’ असें पडलें आहे. भूमितीच्या तासाला जांभया देणारीं मुलें हा आंकडा मात्र मोठ्या प्रेमानें घोकतात.

ज्या खेळांत ही लाथ विशेष नांवाजली गेली त्याला ट्रिकिंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभीं अमेरिकेंतील तरुणांत तो वाढीस लागला. त्याचें भांडवल उसनवारीचें आहे. चीनच्या वूशूमधून, कोरियाच्या तायक्वांदोमधून, ब्राझीलच्या कापोएरामधून आणि जिम्नॅस्टिक्समधून जें जें डोळ्यांत भरण्याजोगें दिसलें, तें तें ह्या मंडळींनीं उचललें आणि एकापुढें एक गुंफलें. प्रस्तुत लाथेची थोरली बहीण वूशूमध्यें आहे. चिनी भाषेंत तिला ‘श्वेन-फंग-ज्याव’ म्हणतात; त्याचा शब्दशः अर्थ वावटळीचा पाय. तींत उजवा पाय डोक्याच्या उंचीवरून जात असतां त्याच्या तळव्यावर डाव्या हाताची थाप पडावी लागते. थापेचा आवाज झाला म्हणजे पाय खरोखरच तितका वर गेला याची पावती मिळाली. १९९० सालच्या बीजिंग येथील आशियाई क्रीडांत वूशूचा प्रथम समावेश झाला. त्या विद्येंतील आधुनिक सामन्यांत हीच उडी ५४० किंवा ७२० अंश फिरून, घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यांत उतरून दाखविली, तर तिच्या अवघडपणाचे गुण मिळतात.

वूशू शिकणाराच्या शेजारीं बहुधा वस्ताद उभा असतो. ट्रिकिंगची वाढ मात्र अशा एखाद्या गुरुपरंपरेंत झाली नाहीं. तरुणांनीं एकमेकांच्या चित्रफिती पाहिल्या आणि मैदानावर जाऊन प्रयत्न केले. आतां चित्र पाहतांना डोळा कोठें जातो? वर, त्या फिरणाऱ्या पायाकडे. उतरणाऱ्या पावलाकडे कोणी पाहत नाहीं. आणि ह्या विद्येंतील अवघड भाग व धोका हीं दोन्ही नेमकीं त्या पावलांत आहेत.

उजव्या पायानें लाथ मारणाराची गोष्ट घेऊं. तो उजवें पाऊल पुढें टाकतो आणि डाव्या अंगानें वळूं लागतो, इतका कीं क्षणभर त्याची पाठ समोर येते. दीड फेऱ्यांपैकीं जवळजवळ अर्धा फेरा असा जमिनीवरच उरकला जातो. बोलण्यांत तो हवेच्या खात्यावर जमा होतो, ही गोष्ट वेगळी. मग डावा गुडघा जोरानें वर उचलून, दोन्ही हात खालून वर झोकून, तो उजव्या पायानें उडी घेतो. हवेंत तोच उजवा पाय बाहेरून आंत असा कमानदार फिरतो. यानंतर तो डाव्या पायावर उतरला, तर ती नुसती ‘टॉर्नेडो’ लाथ झाली. डावा पाय पोटाशीं तसाच ठेवून तो उजव्यावर उतरला, तरच ती पांचशें चाळीस.

फरक एवढाच, पण महिनेच्या महिने जातात ते ह्या फरकांत. शरीर हवेंत अधांतरीं असतां मोकळा असलेला डावा पाय आपण होऊन जमिनीकडे धांवतो. त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. पडूं नये म्हणून केलेली ती निसर्गाची व्यवस्था आहे. शिकणाराला ह्या व्यवस्थेविरुद्ध वागावयाचें असतें. जमीन जवळ येत आहे, आधाराचा पाय हाताशीं आहे, आणि तरीहि तो खालीं सोडावयाचा नाहीं! अंगांत ताकद असलेले कितीतरी तरुण येथें अडतात, आणि ताकद कमी पडली असें समजून बैठका वाढवितात. बैठकांनीं मांड्या भरतात. पण खालीं येणारा डावा पाय बैठकांनीं वर राहत नाहीं.

वेळहि फार थोडा असतो. शरीर एक फूट वर उचलणारा माणूस सुमारें अर्धा सेकंद हवेंत राहतो. पुरता एक सेकंद राहावयाचें तर उडी दोन फुटांची नव्हे, चार फुटांची लागते. कारण वेळ दुप्पट करावयास उंची चौपट करावी लागते, आणि चार फूट ही सामान्य माणसाच्या आटोक्यांतील गोष्ट नव्हे. शिवाय पाय सुटल्यावर गिरकी नव्यानें मिळवितां येत नाहीं. जमिनीला रेटा देऊन जी मिळविली असेल तेवढीच पुंजी. हातपाय जवळ घेतले म्हणजे ती वेगानें खर्च होते, पसरले म्हणजे सावकाश. ज्या घरांत फिरती खुर्ची असेल त्यांनीं दोन हातांत दोन जाड पुस्तकें धरून हा प्रयोग करून पाहावा; खुर्ची फिरत असतां पुस्तकें छातीशीं घेतांच ती कशी वेगानें फिरूं लागते, हें लगेच कळेल. म्हणूनच घाईनें आधीं वळणारा व मग उडणारा फसतो. त्याचें अंग तिरपें होतें, उंची जाते, आणि लाथ मारण्यास अवकाशच उरत नाहीं. उडी आधीं सरळ वर, गिरकी तिच्यामागून, हाच क्रम.

आतां उतरण्याविषयीं. शरीर खालीं येतें तेव्हां गिरकी संपूर्ण थांबलेली नसते. सारा भार एका पायावर येतो. पाऊल जमिनीत रुतून बसलें आणि वरचें अंग फिरत राहिलें, तर तो पीळ गुडघ्यांत जातो. गुडघ्याच्या आंत मांडीच्या हाडाला नडगीशीं बांधणारा एक तिरपा बंध आहे. गुडघा ताठ असतांना किंवा आंतल्या बाजूस कलला असतांना असा पीळ बसला, तर तो बंध तुटूं शकतो; आणि पुरता तुटला तर बहुधा आपण होऊन पूर्ववत् सांधत नाहीं. शस्त्रक्रिया झाली तरी खेळाकडे परतावयास बहुधा नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो. मुलाच्या पालकांनीं लाथेच्या उंचीचें कौतुक अवश्य करावें, पण गुडघा वांकवून तो चवड्यावर उतरतो कीं नाहीं हें अगोदर पाहावें.

मराठी माणसास येथें तालमीच्या हौद्याची आठवण होईल. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली ती लाल माती पाठीवर पडणाऱ्या पैलवानाला आईसारखी झेलते. परंतु फिरत्या पावलाला मऊपणा हाच वैरी. मऊ मातींत किंवा जाड गादींत पाऊल रुततें, आणि रुतलेलें पाऊल फिरत नाहीं. फार टणक फरशी सांध्यांना हादरे देते, तर ओल्या गवतावर पाय घसरतो. जिम्नॅस्टिक्सची लवचिक जमीन सर्वांत बरी. ती नसल्यास कोरडें, सपाट, आंखूड गवत.

शिकण्याची जी पद्धत शहाण्यांनीं स्वीकारली आहे, तींत लाथ अगदीं शेवटीं येते. प्रथम टॉर्नेडो दोन्ही प्रकारें पक्की करावयाची: उंच, आणि तोल न जातां. मग लाथ वगळून नुसती फिरती उडी. डावा गुडघा छातीशीं, उतरणें उजव्या पायावर. उतरल्यावर डावा पाय टेकण्यापूर्वीं मनांत दोन अंक मोजावयाचे. हें दहांत नऊ वेळां साधूं लागलें म्हणजे उजव्या पायाला थोडी फेक द्यावयाची, गुडघ्याइतकीच. मग कमरेइतकी. पाय थकले कीं उतरणें ढिलें पडतें आणि गुडघे आंत वळूं लागतात. ती थांबण्याची वेळ, मग मनाची हौस कितीहि शिल्लक असो. बहुतेकजण एकाच अंगानें फिरावयास शिकतात. दुसऱ्या अंगानें प्रयत्न करूं गेल्यास तरबेज माणूसहि पहिल्या दिवशीं नवशिक्यासारखा डावा-उजवा विसरतो, आणि त्यालाहि पुन्हां त्या लाथेवांचूनच्या उडीपासूनच आरंभ करावा लागतो.