रबराच्या डांबराने खड्डा बुजेल काय?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत रबराचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण आपला कापूस जिनिंगपर्यंत जातो तो रस्त्यानेच. रस्त्यात खड्डे असले की बैलाची मान, ट्रॅक्टरचे टायर आणि वाढीव गाडीभाडे या सगळ्याचा भुर्दंड शेवटी आपल्याच माथी येतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात 'रबरमिश्रित डांबर' असे लिहिले, की त्यासाठी जादा जाणारा पैसाही आपलाच. म्हणून हे औषध नेमके कोणत्या रोगावरचे, ते आधी समजून घेऊ.

मे महिन्यात आपल्याकडे हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा काळा रस्ता ६० अंशांच्याही वर तापतो. साधे डांबर ५० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. मग भरलेल्या ट्रकची चाकोरी रस्त्यावर उमटते. थंडीत तेच डांबर कडक होते आणि जुने झाले की चिरते. त्यात रबराच्या झाडाचा चीक किंवा त्याचे रबर वजनाच्या २ ते ४ टक्के नीट मिसळले, तर डांबर उशिरा मऊ होते आणि ताण पडल्यावर पुष्कळसे मूळ जागी परत येते. चाकोरी कमी पडते, चिरा उशिरा पडतात. हा गुण खरा आहे.

हे रबर पिकवणाराही शेतकरीच आहे. देशातले बहुतेक रबर केरळात होते. थोडे आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडेही आहे. २०११ साली रबराला किलोला २४० रुपयांच्या आसपास भाव होता. २०१६ च्या सुरुवातीला तो १०० च्या खाली गेला. २०१५ मध्येच केरळ सरकारला १५० रुपये आधारभावाची योजना काढावी लागली होती. कापसाचा भाव पडतो तेव्हा आपल्या घरात काय होते, ते आठवा. म्हणजे त्यांचे दुःख वेगळे सांगावे लागणार नाही.

आता हिशेब करू. पावणेचार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर २५ मिलिमीटरचा थर दिला, तर ११ टनांच्या आसपास डांबर लागते. २ टक्क्यांनी रबर लागले सव्वादोन क्विंटल. किलोला २०० रुपये धरले, तर ४५ हजारांचा माल. देशात वर्षाला ८० लाख टनांहून अधिक डांबर खपते. सगळ्यात २ टक्के रबर घातले, तर दीड लाख टनांवर रबर उचलले जाईल. रबरवाल्याला हे मोठे गिऱ्हाईक आहे. पण ते माल चांगला म्हणून यावे. सरकारच्या दयेवर आलेले गिऱ्हाईक सरकारच्या लहरीवर जाते. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीत आपण हे पुरेपूर भोगले आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. मी शेतकीची पदवी घेतली, म्हणून एवढे अधिकाराने सांगतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी खालून हलतो. पाया हलला, तर वरचे दोन बोटांचे रबरी डांबर काय करणार? ताप आतला आणि लेप कपाळावर, अशी गत. काळ्या रानातल्या रस्त्याचा पहिला उपाय पाण्याचा निचरा. दोन्ही बाजूंना नाल्या, पुरेसा भराव, मुरमाचा थर किंवा मातीत चुना मिसळून केलेला पाया, आणि पाणी उतरेल असा मधोमध उंचवटा. हे झाले, तरच वरच्या रबराचे पैसे वसूल होतात.

म्हणून गावात काम निघाले की तीन प्रश्न विचारा.

पहिला: नाली आणि भराव अंदाजपत्रकात आहे का, आणि जागेवर झाला का?

दुसरा: रबर कोणते? झाडाचे की जुन्या टायरचा भुगा? दोन्ही चालतात, पण दोन्ही एक नव्हेत. किती टक्के घातले आणि डांबराच्या तपासणीचा कागद कुठे आहे?

तिसरा: मिश्रण किती तापवले? गरजेपेक्षा जास्त भाजले, की रबराचे धागे तुटतात आणि गुण जातो. प्लांटवरची तापमानाची नोंद दाखवा म्हणा.

उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. चार जणांनी सह्या करून अंदाजपत्रकाची प्रत मागा. आपण बियाण्याची पिशवी घेताना वरचे लेबल वाचतो, पावती मागतो. रस्ता तर लाखोंचा आहे. डांबर पडण्याआधी, नाली खोदायच्या दिवशीच तिथे जाऊन उभे राहा. रोलर फिरल्यावर केलेली ओरड कोणी ऐकत नाही.