निरोप फटीत अडतो तेव्हा

शहापूर-मुरबाडकडे आवणी सुरू झाली की हजारो हात चिखलात रोपं खोचत असतात. बोट मिटतं, उघडतं. त्यामागे वीज असते, पण तारेतली नव्हे. सोडियम-पोटॅशियमचे भारित कण पेशीच्या पटलातून आत-बाहेर करतात, त्यातून उठणारी ही लहर.

कण्यातून निघालेली लहर मज्जातंतूच्या टोकाशी येऊन संपते. पुढे स्नायू, पण मध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट. ती ओलांडायला रसायन लागतं. टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटतं आणि तिथं नवी लहर उठते. बारीक नळ्यांतून ती पेशीत खोल उतरते आणि कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतं. खाचराचा बांध फोडल्यावर पाणी धावावं तसं कॅल्शियम पसरतं, ट्रोपोनिनला चिकटतं, ॲक्टिनच्या धाग्यांवरचा अडसर सरकतो आणि मायोसिन ते धागे ओढू लागतं. बोट मिटलं! कॅल्शियम कोठारात परतलं की बोट सैल.

आवणीच्याच दिवसांत घरात मण्यार शिरते. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. बहुधा दुखत नाही, खूणही सापडत नाही. तिच्या विषाचा मुख्य घाव मज्जातंतूच्या त्या टोकांवरच असतो. स्नायू धडधाकट, कॅल्शियमचं कोठार भरलेलं, पण निरोपच येत नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो. “झोप आलीय, झोपू दे त्याला,” हे घरच्यांचं म्हणणं मला विषाइतकंच घातक वाटतं. तो झोपलेला नसतो. डोळे उघडता येत नसले तरी त्याला पुष्कळदा सगळं ऐकू येत असतं. हृदय आपली लहर आपणच उठवतं, म्हणून तेही चालूच असतं.

नागाचं विष स्नायूवरचे ग्राहक अडवतं. तिथं निओस्टिग्मीनचं इंजेक्शन बरेचदा उपयोगी पडतं. मण्यारीत टोकंच निकामी झालेली असतात, तेव्हा त्याचा भरवसा नाही. प्रतिविष लवकर द्यायलाच हवं, पण ते रक्तातलं विष पकडतं. मोडलेली टोकं जोडत नाही. ती शरीर पुन्हा घडवतं, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटरनं श्वास द्यावा लागतो. तेव्हा पापण्या जड दिसताच भगताकडे न थांबता 108ला फोन करा आणि पुढे न्यायचं ते श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयातच, हे गाडी निघतानाच विचारून घ्या.