ओढ्याकांठची सखल जागा
(ज्युबिलीच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं वाडवडिलांच्या श्रद्धेचें गुणगान ऐकावें, अशी आपली अपेक्षा असणार, व ती रास्त आहे. तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या वडील मंडळींनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मला एका लहानशा जागेविषयीं बोलावयाचें आहे. ज्युबिलीचें स्मारक म्हणून ख्रिस्तमंदिरामागची ओढ्याकांठची सखल जमीन मुरूम टाकून भरावी व तीवर सभागृह बांधावें, अशी सूचना कमिटीपुढें आली आहे. सभागृह मलाही हवें आहे. पण त्या जागीं नको, आणि तें कां नको हें सांगणें माझें कर्तव्य आहे.

आपल्या कुंभार पिंपळगांवाखालीं काळा दगड आहे. आपलें भूजल म्हणजे पाताळांतली गंगा नव्हे. वरच्या मुरमांत व दगडाच्या भेगांत पावसाचें जें पाणी जिरतें, तेवढीच आपली ठेव. त्या सखल जागेंत पावसाळ्यांत पाणी तुंबतें, डास होतात, मुलें चिखल तुडवीत घरीं येतात, हें सर्व खरें. परंतु तेंच पाणी हळूहळू खालीं उतरतें व चैत्र-वैशाखांत खालच्या आळीच्या विहिरींत दिसतें. बगळे व पाणकोंबड्या तेथें उतरतात, त्या उगाच नव्हेत. गांवाच्या नांवांतला कुंभार हें जाणत असे. तळ्याची गाळमाती तो उन्हाळ्यांत उचलून नेई. गाडगीं घडत आणि तळेंही खोल राही. त्याचा धंदा बसला, तसा तळ्यांत गाळही बसला.

दक्षिणेस गोदावरी, तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा. म्हणून आपण निर्धास्त झालों व ऊंस लावीत सुटलों. पुढें २०१२-१३ चा दुष्काळ आला. जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांनीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या झाडांवर स्वतः कुऱ्हाड घातली, त्यांतील कित्येक आज माझ्यापुढें बसले आहेत. त्यांना मीं काय शिकवावें?

कायदे नाहींत असें नाहीं. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खोदूं नये, असें १९९३ च्या कायद्यानें ठरविलें. २००९ चा भूजल कायदा २०१४ सालीं अंमलांत आला. त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. गांवतळीं बुजवून केलेलीं अतिक्रमणें दूर करावींत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं पंजाबांतील एका तळ्याच्या खटल्यांत दिला. पण कायद्याचा कागद विहिरीचा पहारा करीत नाहीं. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनें शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली, कुऱ्हाड व मोकाट चराई थांबविली, तेव्हां तेथें पाणी राहिलें. (त्यांच्या पंचसूत्रींत नसबंदीही आहे, त्याबाबत धर्मसभेचें मत निराळें, पण तो आजचा विषय नव्हे.) आपल्याच जिल्ह्यांतलें कडवंची इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत सुधारलें. त्या कार्यक्रमाची मूळ कल्पना एका येशूसंघीय धर्मगुरूची होती, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर १९४८ सालीं हिंदुस्थानांत आले, नगरकडच्या माळरानांवर राबले, आणि २०२१ सालीं वारले. पाणी धरावयाचें तर आधीं डोंगरमाथ्यापासून माती धरावी, हा त्यांच्या कामाचा पाया होता.

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापानें खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या. पलिष्टी निदान परके तरी होते.

दुसऱ्यांस बोलतांना माझाही दोष झांकूं नये. मिशनच्या बोअरचें पाणी मीं गेलीं कित्येक वर्षें फुलझाडांस सढळ हातानें सोडलें, आणि खालच्या आळीच्या बाया रांगेंत उभ्या असत. तें आजपासून बंद केलें आहे.

पुढील रविवारीं मिस्सेनंतर कमिटी बसेल. सभागृह वरच्या मुरमाड माळावर व्हावें आणि सखल जागेंतला गाळ वैशाखांत काढून ज्यास शेतीसाठीं हवा त्यानें न्यावा, असें मी मांडणार आहें. माळ दूर पडतो, म्हाताऱ्यांस चढ लागतो, ही अडचण खरी आहे. तिचा विचार करूं. ज्यांना माझें म्हणणें पटत नाहीं त्यांनीं तर अवश्य यावें, आणि येतांना प्रत्येकानें आपापल्या विहिरीचें पाणी किती हात खालीं आहे, तें दोरीनें मोजून आणावें.