पुड्याची मागची बाजू वाचा



शिरूर कासारच्या किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा घेताना आपण किंमत बघतो, हिरवा ठिपका बघतो. काही जण हलालची खूण शोधतात. पण घरात दुधाची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं लेकरू असेल, तर यातून काहीच कळत नाही. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी. त्यात दूध चालतं, शेंगदाणाही चालतो.

उत्तर मागच्या बाजूला आहे. एफएसएसएआयच्या 2020च्या लेबल नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा, शेंगदाणे, काजू-बदाम आणि सोयाबीन यांची नोंद 'कंटेन्स' या शब्दापुढे करावी लागते. 'मे कंटेन' म्हणजे कारखान्यात मिसळण्याची शक्यता आहे.

मात्र कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं. मराठी सक्तीची नाही. म्हणून अम्मीला, दादीला ते वाचून दाखवणं हे आपलं काम आहे.

नावंही फसवी असतात. केसिन आणि व्हे म्हणजे दूध. अल्ब्युमिन बहुधा अंड्याचं. लेसिथिन बहुधा सोयाबीनचं. डबीतल्या हिंगात अनेकदा मैदा असतो. सीलिअ‍ॅक आजारामुळे ज्याला गहू बंद आहे, त्याच्या वरणात गहू असा शिरतो.

युरोपच्या यादीत तीळ आणि मोहरी आहेत. अमेरिकेने 1 जानेवारी 2023 पासून तीळ घेतला. आपल्या यादीत दोन्ही नाहीत. त्यामुळे घटकांची पूर्ण यादी वाचा. नुसतं 'मसाले' लिहिलं असेल, तर मोहरी नाही असं धरू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिकाम्या रकान्याचा अर्थ 'नाही' असा लावत नाही. तुम्हीही लावू नका.

सुटी खारी, नानखटाई, फरसाण यांना लेबलच नसतं. तिथे विचारायचं. इफ्तारला किंवा ईदला शीरखुर्मा वाढताना 'यात दूध, काजू, बदाम आहेत' असं यजमानाने आधीच सांगावं. पाहुण्याने विचारलं तर तो अपमान समजू नये. अन्न हलाल असावं तसं तय्यबही असावं, म्हणजे खाणाऱ्याला ते बाधू नये.

खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. 108ला फोन करा. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि ते लवकर मिळावं लागतं.

लेबलवर न लिहिलेला घटक निघाला, तर पुडा फेकू नका. बिल आणि बॅच नंबर जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. नुकसानभरपाईसाठी 2019च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

तक्रार एकाच्या नावाने होते, पण तोच पुडा गावातली शंभर लेकरं खात असतात. आज घरी गेल्यावर डबे काढा आणि मागची बाजू मोठ्याने वाचा.