करुणा : विहारातली आणि उंबऱ्याबाहेरची
(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘रोजच्या जीवनातील करुणा’ या विषयावर बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही भिक्खू नव्हे, पालीचे पंडितही नव्हे. बँकेच्या काउंटरमागे बसून दिवसाकाठी शे-दीडशे माणसांशी संबंध येतो, एवढाच काय तो आमचा अधिकार. त्यामुळे पुस्तकातले थोडे आणि काउंटरवरचे जास्त बोलणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. करुणा म्हणजे दया नव्हे. दया वरून खाली वाहते. आपल्या पूर्वजांनी दया पुष्कळ पाहिली. ओंजळ पसरून उभ्या असलेल्या माणसाला न शिवता वरून पाणी ओतणारासुद्धा स्वतःला दयाळूच समजत होता! करुणेत हे अंतर शिल्लक राहत नाही. परमपूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ सांगितले आहेत. प्रज्ञेवाचून करुणा भोळी होते आणि करुणेवाचून प्रज्ञा कोरडी होते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. माणसांविषयीच्या करुणेपुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री हवी, असे त्यांनी सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण त्या बावीस प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हणतो, पण ही एक जरा घाईने म्हटली जाते की काय, अशी शंका येते.

विनयपिटकातील एक प्रसंग सर्वांना ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले आणि त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. का नाही? तर हा भिक्खू इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून इतर त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून समजावले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी.

या प्रसंगातील ‘उपयोगी पडत नव्हता’ हे कारण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आपले सारे व्यवहार याच हिशेबावर चालतात. साहेबांच्या घरी लग्न असले की वस्तीतून चार गाड्या जातात. शेजारच्या खोलीतला म्हातारा दोन महिने अंथरुणाला खिळलेला असतो, तिकडे कोण जातो?

आता आमच्या काउंटरविषयी. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला म्हाताऱ्या बायका येतात. जन्मभर खुरपणी आणि खडी फोडून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा जुळत नाही. अशा वेळी ‘उद्या या’ हे दोन शब्द उच्चारायला काहीच लागत नाही. पण त्या बाईचे एसटीचे जायचे-यायचे भाडे जाते आणि सोबत आलेल्या सुनेचा किंवा नातवाचा रोज बुडतो. तिला कोणती कागदपत्रे लागतील ते एकदाच, पूर्ण आणि समजेल अशा भाषेत सांगणे, जमल्यास एका चिठ्ठीवर लिहून देणे, हीच तेथली करुणा आहे. त्यासाठी डोळे मिटून बसावे लागत नाही. ‘ए म्हातारे’ ऐवजी ‘आजी’ म्हटले तर बँकेचा एक पैसाही कमी होत नाही. तलाठी कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आपली मुले आज खुर्चीवर बसली आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी व्यक्त केलेले दुःख या सर्व खुर्च्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, करुणा काय करू शकते हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही उच्चशिक्षित, अमेरिकेत शिकून आलेले. त्यांनी नुसते हॉस्पिटल बांधले नाही. गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्य सेविका केले. त्यांत अनेक दलित होत्या, कित्येक निरक्षर होत्या. वेगवेगळ्या जातींच्या या बाया प्रशिक्षणासाठी एकत्र राहू लागल्या, एकत्र जेवू लागल्या आणि शिवाशिव तेथेच सैल होऊ लागली. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिलाच बाळंतपणासाठी बोलावणे येऊ लागले. जुलाबाने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे हे तिने सवर्ण घरातल्या आईला शिकवले. १९७१ च्या सुमारास त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत ही संख्या तिसाच्या खाली आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉक्टर २०११ साली गेले. ते धर्माने ख्रिस्ती होते. आपण त्यांच्याकडून शिकायला काय हरकत आहे? येथे लक्षात घ्या, त्या आरोग्य सेविकेवर कोणी दया केली नाही. तिच्या हाती विद्या दिली आणि मग तीच दुसऱ्याला देणारी झाली.

पण त्याच जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. कारण काय, तर सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय. २०१७ साली न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी १ जानेवारी २०१३ रोजी सोनईला मेहतर समाजातील तीन तरुणांना मारण्यात आले. तेव्हा तरुण पोरे आम्हाला थेट विचारतात, ‘काका, कोणावर करुणा करायची? मारणाऱ्यांवर?’ हा प्रश्न टाळून करुणेवर भाषण करणे हा भित्रेपणा होईल.

आमचे उत्तर असे. करुणा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. अन्याय करणाऱ्याला रोखणे, ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद देणे, साक्षीदार फुटू नये म्हणून त्याच्या घरी जाऊन बसणे, कोर्टाच्या तारखांना पीडिताच्या आईसोबत उभे राहणे, ही सारी करुणेचीच कामे आहेत. द्वेष मात्र मनात पोसायचा नाही. कारण द्वेषाने आधी आपलेच डोके जाते आणि खटला तसाच राहतो. मोर्च्याच्या दिवशी हजार माणसे असतात. तिसऱ्या वर्षाच्या तारखेला त्या आईबरोबर कोण असते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आणखी एक कडू गोष्ट. सोनईचे तरुण मेहतर होते. मेहतर, मातंग, पारधी वस्तीवर संकट आले की ‘ते आपले नव्हेत’ अशी कुजबुज आपल्यातही ऐकू येते. हे जातीचेच विष आहे, त्याला निळा रंग दिला म्हणून ते औषध होत नाही.

प्राणिमात्रांत घरची माणसेही येतात, हे सांगायला हवे का? संध्याकाळी विहारात मेत्ता भावना करायची आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवायचे! मुदितेचीही तीच गत. शेजाऱ्याचा मुलगा स्पर्धा परीक्षा पास झाला की आपल्या चहात साखर कमी का लागते?

दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतील. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावेच लागते. नवरा-बायको कोयत्यावर गेले की मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहतात, नाहीतर पोरेही पाचटात जातात. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो आपल्या जिल्ह्यात. त्या साखरेमागचे हात मात्र अजून उघड्यावरच आहेत. आपल्या वस्तीतून यंदा कोण कोण जाणार, कोणाची पोरे मागे राहणार, त्यांच्या संध्याकाळच्या भाकरीचे आणि अभ्यासाचे काय, याची यादी मंडळाने करावी अशी आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर ती वाचावी. दुसरी यादी आजाऱ्यांची. त्यांना सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन जायला, केसपेपर काढायला सोबत कोण जाईल, एवढे नाव पुढे लिहावे. महाविद्यालयीन मुलांनी बँकेचे आणि पेन्शनचे फॉर्म भरून द्यायला शनिवारी दोन तास विहारात बसावे. एका शनिवारी आम्ही येऊ, नमुना फॉर्म सोबत आणू.

दोन कोऱ्या वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना नावे लिहावीत.